पोच न घेतलेला अर्ज

आमच्या गावच्या देवाला तोंडी काही सांगायची पद्धत नाही. लिहून द्यावं लागतं.

गाव सातारा जिल्हा संपून सांगली जिल्हा सुरू होतो त्या कोरड्या पट्ट्यातलं. डोंगरावर देऊळ, देवळाला लागून मठ आणि मठात महाराज. ज्याला देवाकडं काही मागायचं असेल त्यानं ते कागदावर लिहावं, कागदाची चौपदरी घडी घालावी आणि महाराजांच्या हातात द्यावी. महाराज ती चिठ्ठी कपाळाला लावतात, वर चिमूटभर भंडारा, म्हणजे हळद, टाकतात आणि गाभाऱ्यात देवाच्या पायाशी ठेवलेल्या पितळी परातीत सोडतात. उघडून बघत नाहीत. ज्यांना लिहायला येत नाही ते कोऱ्या कागदावर हळदीचं बोट उठवून देतात. माझी थोरली बहीण, आक्का, आयुष्यभर असे कोरे कागद देत आली. मी एकदा तिला म्हणालो, अगं, त्यात काही लिहिलेलंच नाही. तर म्हणाली, "वाचणारा वळखतोय की." चैत्रात जत्रेच्या आधी देव कृष्णेवर अंघोळीला जातो, तेव्हा वर्षभराच्या चिठ्ठ्या पिवळ्या फडक्यात बांधून नदीत सोडतात. कुणी काय मागितलं ते कुणाला कधी कळत नाही.

हे इतक्या बारकाईनं सांगतोय, कारण याच पद्धतीनं आमच्या वस्तीचं वाटोळं केलं. आणि ती पद्धत पंचायतीत नेऊन बसवणारा मी होतो.

माझीही एक चिठ्ठी आहे. फौजेच्या भरतीला निघालो त्या सकाळी दिलेली. बरोबर चुलतभाऊ होता. माझ्यापेक्षा उंच, छातीनं रुंद, आणि पळायला लागला की मेंढरांचं कुत्रं मागं राहायचं. दोघांतला एकच घेतील असं कुणीतरी माझ्या डोक्यात भरवलं होतं. चिठ्ठीत मी जे लिहिलं ते बायकोलाही सांगितलेलं नाही. इथं सांगून टाकतो. त्याचा पाय मुरगळू दे, असं लिहिलं होतं. महाराज तेव्हा तरुण होते, मठाची गादी नुकतीच त्यांच्याकडं आलेली. त्यांनी चिठ्ठी कपाळाला लावली, माझ्या तोंडाकडं बघून हसले, आणि मला घाम फुटला.

मैदानात दुसऱ्या फेरीला चुलतभावाचा पाय खड्ड्यात गेला. तो अजून किंचित लंगडतो. तो जन्मभर मेंढरांमागं चालला आणि मी पेन्शनीत आलो.

नंतर प्रत्येक सुट्टीत मी महाराजांच्या डोळ्यांत बघायचो. ह्यांनी वाचली असेल का? वाचली असती तर कधीतरी नजर बदलली असती, बोलण्यात एखादा खडा लागला असता. काही नाही. दरवेळी तेच हसू, तीच हळद. त्यांनी वाचलेली नाही याची मला पक्की खात्री पटायला दहाएक वर्षं गेली असतील. आणि सगळ्या गावाची गुपितं ज्याच्या हातातून जातात आणि जो त्यांतलं एकही बघत नाही, त्याच्याइतका भरवशाचा माणूस दुसरा नाही, असं माझं मत झालं. मत कसलं, ती माझी गरज होती.

मी फौजेत क्लार्क होतो. गाव मला मेजर म्हणतं. आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजर असतो, मग तो तिथं लंगरात पोळ्या का लाटत असेना. निवृत्त झाल्यावर मी सांगलीला, विश्रामबागेत फ्लॅट घेतला. बायको तिथल्या शाळेत शिकवायची. महिन्यातून एकदा गावाकडं जायचो आणि दरवेळी डोकं फिरवून घेऊन यायचो. गावात दोन गट, दोन्ही एकाच भावकीतले. भांडण इतकं जुनं की मूळ कारण दोघांनाही सांगता यायचं नाही. एका निवडणुकीत तर डोकी फुटली, आणि ज्याचं फुटलं त्याला दवाखान्यात न्यायला फोडणाऱ्याचीच जीप मागावी लागली.

पुढच्या खेपेला सरपंचपद खुलं सुटलं. मी सुचवलं, महाराजांना बिनविरोध करा. ना बायको, ना पोरंबाळं, ना नावावर गुंठाभर रान. खायचं म्हटलं तरी कुणासाठी खातील? माझा मुद्दा दोन्ही गटांना एकदम पटला, आणि ही माणसं एका गोष्टीवर एक झाली यातच मला देवाचा हात दिसला. महाराज नको म्हणत होते. ते आढेवेढे नव्हते, खरंच नको म्हणत होते.

"मेजर, मला त्यातलं काय कळत न्हाई," ते म्हणाले.

"तुमी निस्तं बसा, महाराज. कळणारी माणसं हाईत," मी म्हणालो.

कळणारी माणसं म्हणजे मी. उमेदवारीचा अर्ज माझ्या हातानं भरला. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचं यावर पाच मिनिटं अडलो आणि मग 'देवसेवा' असं ठणठणीत अक्षरात लिहिलं. कचेरीतल्या कारकुनानं ते वाचून मान वर केली, तर मी त्याच्यावर डोळे वटारले.

पहिलं वर्ष मला अजून आठवतं आणि अजून बरं वाटतं, हेच वाईट आहे. दोन्ही गट मठात एका पंगतीला बसले. स्टँडवरच्या दारूच्या दुकानासमोर महाराज एक सकाळभर नुसते घोंगडं अंथरून बसले, काही बोलले नाहीत, आणि दुपारी मालकानं आपणहून शटर ओढलं आणि त्यांच्या पाया पडला. त्यांनी एक विटकर स्वतःच्या घरी नेली नाही, कारण घरच नव्हतं. मी विश्रामबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना हे सांगून सांगून वात आणला. साधू माणसाच्या हातात कारभार द्या, देश सुधारतो की नाही बघा, असं मी बाकड्यावर बसून बोललेलो आहे.

ग्रामसभा मात्र बघायला हवी होती. आधी आरती, मग महाराजांच्या पाया पडायला रांग, मग सभा. विषय वाचला जायचा आणि चारी बाजूंनी एकच आवाज यायचा, "म्हाराज म्हणतील तसं." महाराज म्हणायचे, "देव म्हणंल तसं." मग प्रसाद. वाकून पायांवर डोकं ठेवलेल्या माणसाला उभं राहून त्याच पायांच्या धन्याला जाब विचारता येत नाही. शरीर तसं वळतच नाही. हे मला तेव्हा दिसत होतं. दिसूनही मी त्याला शिस्त समजत होतो, कारण फौजेत शिस्त अशीच दिसते.

आता आक्काचं सांगतो, कारण शेवटी जे काही गेलं ते तिचं गेलं.

आमची वस्ती गावापासून वर, टेकाडाच्या पलीकडं. पस्तीसेक उंबरे, सगळे आम्ही मूळचे मेंढरंवाले, आता थोडी बाजरी, थोडं डाळिंब. आक्का आत्याच्या घरी दिलेली, म्हणजे माहेर आणि सासर एकाच वस्तीत. नवरा गेला. मुलगा महाबळेश्वरला टॅक्सी चालवतो. फोनवर सांगायचा, आई, इकडं चार दिवस सूर्य नाही, कपडे वाळंनात. ती म्हणायची, "थोडं हिकडं लावून दे की." दोन्ही एकाच जिल्ह्यातली गावं. आक्काकडं डझनभर मेंढरं, एक घोंगडं, आणि पाण्यासाठी दिवसातून दोनदा टेकाड उतरून खालच्या गावातल्या टाकीपर्यंत जाणं. तिच्या गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या. डॉक्टरांनी सांगितलं, चढ-उतार बंद. आक्का मला म्हणाली, "नळ आला तर मी हितनं हलत न्हाई. न्हाई आला तर ने मला तिकडं. काय करनार." आणि तिकडं म्हणताना तिनं माझ्या फ्लॅटच्या दिशेनं असा हात केला, जसा स्मशानाच्या दिशेनं करतात.

नळ येणार होता. घरोघरी नळाची योजना आली, पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर सर्व्हेला निघाले. गावठाण तर आराखड्यात होतंच. बाहेरच्या वस्त्यांचं असं होतं की ज्या वस्तीचा अर्ज आणि त्यावर ग्रामसभेचा ठराव पंचायतीतून तालुक्याला जाईल, तेवढीच वस्ती धरायची. ग्रामसेविका मॅडम खंडाळ्याकडच्या, चुणचुणीत बाई. त्यांनी मला फोन करून सांगितलं, "सर, अर्ज माझ्याकडे आणून द्या. मी आवक नंबर टाकते, ठराव घेते. मुदत थोडी आहे."

मी अर्ज लिहिला. उभ्या नोकरीत लिहिला नाही असा अर्ज लिहिला. वस्तीतली घरं, माणसं, जनावरं, टाकीपासूनचं अंतर, म्हातारी माणसं किती, सगळं मुद्देसूद. खाली सगळ्यांच्या सह्या, अंगठे. पहिला अंगठा आक्काचा. तिनं सवयीनं हळदीची वाटी पुढं ओढली आणि मी तिचा हात धरून शाईच्या पॅडवर ठेवला.

मग ती म्हणाली, म्हाराजांच्या हातात देऊ.

"हापिसात द्यायचा असतो आक्का. मॅडमकडं."

"आरं, सरपंच त्येच हाईत न्हवं? मग हापिसात कशापायी? ती बाई आज हाय, उद्या न्हाई."

वस्तीतल्या सगळ्यांचं तेच म्हणणं. चुलतभाऊ म्हणाला, "गड्या, मालक सोडून गड्याकडं कोन जातंय?" आणि मी मान डोलावली. मला काय कळत नव्हतं असं नाही. कागद जिथं द्यायचा तिथंच द्यावा आणि त्याची पोच घ्यावी, दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख, हे मी तीस वर्षं हाताखालच्या पोरांना शिकवलं. साध्या रजेच्या अर्जाचीही मी पोच घ्यायचो, साहेब हसायचे मला. पण त्या दिवशी सगळी वस्ती माझ्यामागून देवळाच्या पायऱ्या चढत होती, हलगी वाजत होती, आणि सरपंच माझा माणूस होता, मी आणलेला. मॅडमच्या टेबलावर कागद ठेवण्यापेक्षा हे मला शोभून दिसत होतं. खरं कारण एवढंच आहे.

महाराजांनी अर्ज घेतला. माझ्या त्या मुद्देसूद अर्जाची कुणीतरी आधीच चौपदरी घडी घातली होती. त्यांनी तो कपाळाला लावला. हळद टाकली. आक्कानं हात जोडून डोळे मिटले. मी दुसरी प्रत खिशात घेऊन उभा होतो, सही घ्यायला. पण हात खिशातून बाहेर येईना. गाभाऱ्याच्या दारात उभं राहून देवाकडं पोच मागायची कशी? प्रत तशीच खिशात ठेवली आणि प्रसाद घेतला.

पुढं चैत्र आला. देव अंघोळीला कृष्णेवर निघाला. आता पालखी टेम्पोत असते. त्या वर्षी देव सांगलीच्या घाटावर येणार म्हणून मी सकाळी सहाला जाऊन उभा राहिलो. महाराज उतरले, मला बघून हसले. चिठ्ठ्यांचं पिवळं गाठोडं टेम्पोतून उतरवायला चुलतभाऊ वाकला, तर मी त्याला म्हणालो, राहू दे, तुझ्या पायाला पायऱ्या जमायच्या नाहीत, मी घेतो. ते गाठोडं मी खांद्यावर घेतलं.

"औंदा लय जड लागतंय रं," मी म्हणालो.

"देवाचा कारभार वाढला की," चुलतभाऊ म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो.

कमरेइतक्या पाण्यात जाऊन मी ते सोडलं. आधी तरंगलं, मग पाणी पिऊन हळूहळू खाली गेलं. पिवळा रंग जरा वेळ पाण्यात दिसत राहिला. पाण्यासाठी केलेला अर्ज मी स्वतःच्या हातानं पाण्यात सोडला, आणि वर हात जोडून उभा राहिलो.

दोन महिन्यांनी पंचायतीच्या फळ्यावर यादी लागली. खालच्या दोन वस्त्या होत्या. तिथल्या लोकांनी, बहुधा आळसानं, डोंगर चढण्याऐवजी अर्ज मॅडमकडं टाकले होते आणि मॅडमनी ते आरतीनंतरच्या 'म्हाराज म्हणतील तसं'मध्ये ठराव करून घेतले होते. आमची वस्ती नव्हती. मी कचेरीत जाऊन टेबलावर हात आपटला. मॅडम शांत होत्या.

"सर, तुमच्या वस्तीचा अर्ज आवकच नाही."

"सरपंचांच्या हातात दिलाय मी."

"तेच म्हणतेय मी. त्यांच्या हातात दिलेला एकही कागद आजवर इथं आलेला नाही. मी दोनदा मागायला गेले. म्हणाले, देवापुढं ठेवलेलं परत काढत नसतात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी बदलीचा अर्ज दिलाय सर. त्यांच्याकडे नाही दिला."

मी तसाच डोंगर चढलो. महाराज मठाच्या अंगणात तुळशीला पाणी घालत होते. मी विचारलं, आमचा अर्ज कुठं आहे.

"देवापाशी दिला की. तुमच्याम्होरंच."

"महाराज, तुमी वाचला न्हाई?"

ते माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी त्यांना कुणाच्या घरात चोरून शिरलात का असं विचारलं होतं. "दुसऱ्याची चिठ्ठी वाचू न्हाई, मेजर," ते म्हणाले. "माझ्या गुरूनं गादीवर बसवताना येवढी एकच गोष्ट सांगितली व्हती. ती मी मोडली न्हाई."

याच गोष्टीसाठी मी त्यांना निवडलं होतं. राग त्यांच्यावर काढावा तर त्या माणसानं काही वाईट केलेलंच नव्हतं. ते होते तसेच राहिले होते. मी एका चांगल्या माणसाला अशा खुर्चीत नेऊन बसवलं होतं की जिथं त्याचा चांगुलपणा लोकांच्या गळ्याला लागत होता.

वस्तीवर गेलो तेव्हा मला वाटलं होतं, आता पेटतील. आधीच्या एका सरपंचानं विजेचा खांब दुसऱ्या आळीला नेला तर याच माणसांनी त्याच्या दारात जनावरं आणून बांधली होती आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. खांब चार दिवसांत परत आला. मी सगळ्यांना पारावर बोलावलं आणि घडलं ते सांगितलं. आपला अर्ज वाचलाच गेला नाही. तो नदीत गेला. मीच सोडला.

मग एक जण म्हणाला, मागच्या जत्रेला वस्तीचं बकरं उशिरा गेलं होतं. दुसरीनं आठवण काढली, देवाच्या नावानं सोडलेला एडका कुणीतरी बाजारात नेला होता. कोण तो, यावर कुजबुज सुरू झाली. एका सुनेकडं सगळ्या बायका बघायला लागल्या, का ते मला कळलं नाही आणि तिनं पदर डोक्यावर घेतला. ज्यानं आमचं पाणी घालवलं त्याच्याबद्दल अवाक्षर नाही. सगळी वस्ती आपापसांत गुन्हेगार शोधत होती.

मी ओरडलो. अरे, पाप-बिप काही नाही, कागद नदीत गेला, कागद!

चुलतभाऊ काठी टेकून उठला. मला समजावत म्हणाला, "मेजर, तापू नगंस. कृष्णामाईत गेला म्हंजे पोचला की रं."

त्या दिवशी मला कळलं ते सांगतो. पुढाऱ्याची पहिली पात्रता म्हणजे त्याला शिव्या देता आल्या पाहिजेत. तो हुशार असो, नसो, हात स्वच्छ असोत, नसोत, पण लोकांना त्याच्या दारात जाऊन बोंब मारता आली पाहिजे. चोर सरपंच होता तेव्हा आम्हाला निदान एवढं ठाऊक होतं की चूक त्याची आहे. साधू सरपंच झाला आणि चूक आमची झाली. आणि हे ज्याला पटवून द्यावं असा माणूस मला त्या पारावर एकही दिसला नाही.

मी दुसरी प्रत घेऊन तालुक्याला गेलो, जिल्ह्याला गेलो. प्रतीवर शिक्का कुठाय, असं प्रत्येक टेबलावर विचारलं. बरोबरच विचारलं. मी त्या खुर्चीत असतो तर मीही तेच विचारलं असतं. पुढच्या टप्प्यात बघू म्हणाले. पुढचा टप्पा अजून यायचाय.

आक्काची मेंढरं गेली. घ्यायला आलेल्या माणसानं ती टेम्पोत चढवली तेव्हा एक मेंढी सारखी उलटी फिरून उतरत होती. आक्का जवळ गेली आणि तिच्या कानात काहीतरी बोलली, तेव्हा ती चढली. त्याच आठवड्यात मी आक्काला विश्रामबागेत आणलं. तिसरा मजला, लिफ्ट आहे, नळाला चोवीस तास पाणी. ती सकाळी उठून घरातली सगळी भांडी भरून ठेवते. आक्का, नळ जात नाही, असं बायकोनं शंभरदा सांगितलं. ती भरतेच. संध्याकाळी ते पाणी झाडांना घालते आणि सकाळी पुन्हा भरते. बाकी वेळ गॅलरीत बसून असते. बोलायला कुणी नाही. मेंढरांशी बोलायची सवय. कधीकधी खालून कुणी जोरात हाक मारली की ती उठून उभी राहते, आणि मग बसते. मला तिच्याकडं बघवत नाही. मी पेपर आडवा धरतो.

यंदा पुन्हा निवडणूक आली. दोन्ही गटांची माणसं एकत्र गाडी करून माझ्या घरी आली, महाराजांचा अर्ज भरायचाय म्हणाली. बिनविरोधच. मी नाही म्हणालो. ते का, म्हणून विचारत होते. मग आतून आक्का आली.

"भर की रं," ती म्हणाली. "त्यांच्यावानी मानूस कुठं गावनार?"

तिच्याकडं बघून मी भरला. व्यवसाय, देवसेवा. अक्षर आता तितकं ठणठणीत येत नाही.

ती माणसं गेल्यावर आक्कानं माझ्यापुढं वहीचा कागद ठेवला. म्हणाली, मला एक चिठ्ठी लिहून दे. जन्मात पहिल्यांदा ती मला लिहायला सांगत होती. मी विचारलं, कोरी का नको? म्हणाली, "कोऱ्या दिल्या म्हनून तर ऱ्हायलं न्हवं आसंल? इस्कटून सांगितलं न्हाई आपन." मग थांबून म्हणाली, "लिही. आमचं काय चुकलं."

"एवढंच?"

"येवढंच."

मी लिहिलं. तीनच शब्द.

महाराज पुन्हा सरपंच झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठी घेऊन डोंगर चढलो. येताना ठरवलंच होतं. रांगेत माझ्यामागं चुलतभाऊ होता. माझी पाळी आली. महाराज थकलेत आता, पण हसू तेच. त्यांनी हात पुढं केला. मी चिठ्ठी दिली आणि मोठ्यानं म्हणालो, "महाराज, ही उघडा. वाचा. माझ्या आक्काची हाय. तिचं पानी गेलं, मेंढरं गेली, घर सुटलं, आनि ती इचारतीया आमचं काय चुकलं. तुमी वाचून उत्तर द्या."

मागं कुणीतरी चक् चक् केलं. महाराजांचा हात तसाच, चिठ्ठी धरून. ते रागावले नाहीत. रागावले असते तर फार बरं झालं असतं. बराच वेळ त्या घडीकडं बघत राहिले. मला वाटलं, उघडतात.

"येक उघडली तर समद्या उघडाय पायजे व्हत्या, मेजर," ते हळू म्हणाले. "गावानं आजवर दिलेल्या समद्या. तुमची बी. भरतीला निघाला व्हता तवाची."

त्यात धमकी नव्हती. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं, पूर्वी बघायचो तसं. त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त एवढंच आठवत होतं की एका सकाळी एका पोरानं चिठ्ठी दिली होती, आणि तिची घडी त्यांनी मोडली नव्हती.

मागून चुलतभाऊ काठीवर रेलून हसत म्हणाला, "व्हय रं, तवा काय मागितलं व्हतंस तू? सांगितलं न्हाईस कवा."

रांगेतली माणसं माझ्याकडं बघत होती. प्रत्येकाची कधी ना कधी दिलेली एक चिठ्ठी त्या कृष्णेत आहे. त्यांना कुणालाच ती उघडायला नको होती. आणि मलाही नको होती. आक्काच्या पाण्यापेक्षा, आक्काच्या घरापेक्षा मला ती बंद राहिलेली हवी होती.

"ऱ्हाऊ द्या, महाराज," मी म्हणालो.

त्यांनी आक्काची चिठ्ठी कपाळाला लावली. हळद टाकली. परातीत सोडली. मी वाकलो आणि त्यांच्या पाया पडलो.

घरी आलो तेव्हा आक्का नळापाशी होती.

"दिलीस?"

"दिली."

"उघडली न्हाई न्हवं त्यांनी? मला मागनं भ्या वाटाय लागलं. लिवलेलं हाय, कुनी वाचंल."

"न्हाई उघडली."

"मग झालं," आक्का म्हणाली, आणि भरलेली कळशी बाजूला सरकवून तिनं दुसरी नळाखाली लावली.